'द सोप्रानोज'चे लाडके एपिसोड आणि शेवटाच्या थिअरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या टोनी सोप्रानो या माफिया बॉसची 'द सोप्रानोज' ही अमेरिकन टीव्ही मालिका 10 जून 2007 ला संपली, पण तिच्याबद्दलचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मी अजून सगळी मालिका पाहिलेली नाही. हे वाचू का?

नको. इथे कोण मरतं, कोण फितूर होतं, शेवटी काय दिसतं, सगळं उघड लिहिलेलं आहे. मालिकेचे एकूण 86 एपिसोड आहेत: पहिल्या पाच सीझनचे प्रत्येकी 13 आणि सहाव्याचे 21. सहावा सीझन दोन तुकड्यांत आला, 2006 मध्ये 12 आणि 2007 मध्ये 9. आधी सगळे पाहा, मग इकडे या. शेवट आधी कळला तर मालिका वाया जात नाही, पण तो पहिला धक्का पुन्हा मिळत नाही.

2. शेवटच्या प्रसंगात नेमकं काय घडतं? मला नीट आठवत नाही.

न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्ड गावात 'होल्स्टन्स' नावाचं आइस्क्रीम पार्लर आहे. टोनी तिथे एकटा येऊन बसतो. टेबलावरच्या ज्यूकबॉक्सची पानं उलटत 'जर्नी' या बँडचं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' लावतो. त्याची बायको कार्मेला येते. टोळीतला कार्लो सरकारी साक्षीदार होणार असल्याचं तो तिला सांगतो. मग 'मेंबर्स ओन्ली' या ब्रँडचं जॅकेट घातलेला एक माणूस आत येतो आणि त्याच्या पाठोपाठ टोनीचा मुलगा एजे. तो माणूस काउंटरवर बसतो, टोनीच्या टेबलाकडे नजर टाकतो आणि थोड्या वेळाने उठून टॉयलेटमध्ये जातो. टेबलावर कांद्याच्या रिंग्ज येतात. बाहेर टोनीची मुलगी मेडो हिला गाडी काही केल्या नीट लावता येत नाही. शेवटी लागते, ती रस्ता ओलांडून धावत येते. दारावरची घंटा वाजते, टोनी मान वर करतो आणि गाण्यातल्या 'स्टॉप' या शब्दावर पडदा काळा होतो. आवाज बंद. साधारण दहा सेकंद काहीच नाही, मग संगीताशिवाय श्रेयनामावली.

एवढंच दिसतं. गोळी दिसत नाही, ऐकूही येत नाही. मेडो दारातून आत आलेलीही दिसत नाही. थिअरी कितीही लांब असो, ती एवढ्याच सामग्रीवर उभी राहायला हवी.

3. पडदा काळा झाला तेव्हा आमच्याकडची केबल गेली असं वाटलं. हे फक्त आमच्याच घरी झालं का?

अमेरिकेत त्या रात्री असंख्य घरांत हेच झालं. मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीवर हा एपिसोड सुमारे 1 कोटी 19 लाख लोकांनी पाहिला आणि त्यातले कित्येक जण रिमोट शोधायला धावले. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस याला खरं तर नावंही नको होती. श्रेयनामावलीच्या वेळेतही काळाच पडदा ठेवायचा त्याचा बेत होता, पण दिग्दर्शकांच्या संघटनेने नियमातून सूट दिली नाही.

4. जो तो 'पाइन बॅरन्स'चं नाव घेतो. त्यात कथा तर पुढे सरकतच नाही!

म्हणूनच तो इतका लाडका आहे. तिसऱ्या सीझनचा अकरावा एपिसोड, मे 2001. टोनीच्या टोळीतले पॉली आणि ख्रिस्तोफर वसुलीला जातात, एका क्षुल्लक भांडणात व्हॅलेरी नावाच्या रशियनाला मेला समजून जंगलात पुरायला नेतात आणि तिथे तो जिवंत निघतो. पळतो, डोक्यात गोळी लागल्यासारखी दिसते, तरी सापडत नाही. मग हे दोघे बर्फात वाट चुकतात, रात्र एका सोडून दिलेल्या व्हॅनमध्ये काढतात आणि गाडीत सापडलेल्या केचपच्या पुड्या चोखत एकमेकांच्या जिवावर उठतात.

एरवी दरारा असलेली ही माणसं गावाबाहेर एक रात्रही निभावू शकत नाहीत, हे पाहताना हसू येतं आणि भीतीही वाटते. एक जागा मुद्दाम बघा. फोनला रेंज नाही आणि टोनी तुटक आवाजात सांगतोय की या माणसाने चेचेन बंडखोर मारलेत, तो गृहखात्यात (इंटिरियर मिनिस्ट्रीत) होता. पॉली फोन ठेवतो आणि ख्रिस्तोफरला सांगतो, सोळा चेकोस्लोव्हाकियन मारलेत, इंटिरियर डेकोरेटर होता म्हणे. त्यावर ख्रिस्तोफर तितक्याच गंभीरपणे म्हणतो की त्याचं घर तर भिकार दिसत होतं. टेरेन्स विंटरची पटकथा आणि स्टीव्ह बुशेमीचं दिग्दर्शन इथे असं जुळलंय की हशासाठी कोणी थांबत नाही. पुढे पाचव्या सीझनमध्ये हाच बुशेमी टोनीचा कझिन टोनी ब्लंडेटो म्हणून पडद्यावर येतो. जाता जाता, ते जंगल न्यू जर्सीतलं नाही. शूटिंग न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन स्टेट पार्कमध्ये झालं होतं.

5. मग त्या रशियनाचं पुढे काय झालं?

मालिकेत त्याचा हिशोब कधीच होत नाही. तिसऱ्या सीझननंतर बरेच प्रेक्षक तो सूड घ्यायला परत येईल म्हणून वाट पाहत होते. तो आला नाही, आणि माझ्या मते तेच योग्य झालं.

शेवटावर चिडलेल्यांना मी नेहमी हेच विचारते: 'पाइन बॅरन्स' तुमचा आवडता आहे ना? मग शेवट मोकळा सोडणं तुम्ही 2001 मध्येच मान्य केलंय. सहा वर्षांनी तीच गोष्ट टोनीच्या बाबतीत झाली तेव्हा ती फसवणूक कशी ठरते? चेसने प्रेक्षकांना पूर्वसूचना दिली नाही, हा आरोप तर मला मुळीच पटत नाही.

6. 'कॉलेज' हा तर जेमतेम पाचवा एपिसोड. तो एवढा मोठा का मानतात?

टोनी मेडोला घेऊन मेन राज्यातली कॉलेजं दाखवायला जातो. वाटेत पेट्रोल पंपावर त्याला एक जुना खबऱ्या दिसतो, जो नाव बदलून तिथे राहतोय. मुलीच्या मुलाखतींच्या मधल्या वेळात टोनी त्याला शोधून काढतो आणि स्वतःच्या हाताने, तारेने गळा आवळून मारतो.

1999 पर्यंत अमेरिकन टीव्हीवर नायकाने अशी हत्या केलेली प्रेक्षकांना सवयीची नव्हती. प्रेक्षक टोनीकडे पाठ फिरवतील अशी धास्ती एचबीओच्या वरिष्ठांना होती. टोनीने त्या खबऱ्याला सोडून दिलं तर उलट तोच खोटा ठरेल, हे म्हणणं चेसने सोडलं नाही. या पटकथेला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. शेवटाच्या चर्चेतही हा एपिसोड कामाचा आहे: बाप म्हणून टोनी आणि मारेकरी म्हणून टोनी एकाच दिवसात, एकाच गाडीत बसलेले इथे पहिल्यांदा दिसतात. होल्स्टन्सच्या त्या टेबलावरही तेच दोघे बसलेत.

7. अभिनयासाठी एकच एपिसोड सुचवायचा झाला तर?

'व्हाइटकॅप्स', चौथ्या सीझनचा शेवटचा. टोनी आणि कार्मेलाचं लग्न मोडतं. त्या प्रसंगांत बंदूक नाही, खून नाही, दोन माणसं घरभर भांडतात. या भूमिका करणाऱ्या जेम्स गँडोल्फिनी आणि ईडी फाल्को दोघांनाही त्या सीझनचं एमी मिळालं.

त्याच्या खालोखाल माझ्यासाठी तिसऱ्या सीझनचा 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'. टोनीच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीवर बलात्कार होतो, आरोपी तांत्रिक चुकीमुळे सुटतो आणि तिच्या हातात टोनीसारखं हत्यार असतं. तिने फक्त एक शब्द उच्चारायचा असतो. शेवटच्या सेकंदाला टोनी विचारतो, काही सांगायचंय का? मेल्फी (लॉरेन ब्रॅको) "नाही" म्हणते आणि एपिसोड तिथेच कापलेला आहे. हा कट लक्षात ठेवा.

8. स्वप्नांचे एपिसोड कंटाळवाणे वाटतात. ते वगळले तर काही बिघडतं का?

बिघडतं. दुसऱ्या सीझनच्या 'फनहाउस'मध्ये टोळीतला मित्र बिग पुसी फितूर आहे हे टोनीला आतून माहीत असतं, पण त्याला ते कबूल करायला मासा लागतो. विषबाधेच्या तापात तो मासळीबाजारातला मासा पुसीच्याच आवाजात बोलतो.

पाचव्या सीझनच्या 'द टेस्ट ड्रीम'वर लोक सगळ्यात जास्त वैतागतात. पण त्यातला एक क्षण शेवटासाठी मोलाचा आहे. टोनी रेस्टॉरंटच्या टॉयलेटमध्ये जाऊन फ्लशच्या टाकीमागे बंदूक चाचपतो, थेट 'द गॉडफादर'मधल्या मायकेलसारखी, आणि ती तिथे नसते. सहाव्या सीझनमध्ये एजे बापाला आठवण करून देतो की मायकेल रेस्टॉरंटमध्ये गोळ्या घालतो तो तुझा सगळ्यात आवडता सीन. आता होल्स्टन्समध्ये टॉयलेटकडे जाणारा जॅकेटवाला पुन्हा पाहा.

9. ते सगळं ठीक, पण टोनी मेला की नाही?

माझं मत: मेला. कारण फक्त गूढ खुणा नाहीत, प्रसंगाची बांधणी आहे.

होल्स्टन्समध्ये एक क्रम पुन्हापुन्हा येतो. दारावरची घंटा वाजते, टोनी मान वर करतो, मग त्याला काय दिसतं ते आपल्याला दिसतं. कोणी परकं आत येतं, कार्मेला येते, एजे येतो. दर वेळी घंटा, चेहरा, दृश्य. शेवटच्या वेळी घंटा वाजते, चेहरा दिसतो आणि दृश्याच्या जागी काळोख येतो. आत्तापर्यंतच्या नियमाने तो काळोख टोनीला दिसलेला आहे.

याची तयारी आधीच्या आठ एपिसोडमध्ये चालू असते. 'सोप्रानो होम मूव्हीज'मध्ये तळ्यातल्या नावेत टोनीचा मेहुणा बॉबी म्हणतो की गोळी लागते तेव्हा बहुतेक ऐकूसुद्धा येत नसेल. लगेच पुढच्या 'स्टेज फाइव्ह'मध्ये टोनीच्या टोळीतल्या सिल्व्हिओच्या समोरच्या माणसाला जेवताना गोळी घालतात आणि क्षणभर आवाज गायब होतो. काय झालं ते सिल्व्हिओला रक्त उडाल्यावर कळतं. आणि शेवटून दुसऱ्या 'द ब्लू कॉमेट'मध्ये टोनी बंदूक कवटाळून पलंगावर पडतो तेव्हा नावेतलं तेच वाक्य आपल्याला पुन्हा ऐकवलं जातं. शेवटच्या एपिसोडच्या तोंडावर मुद्दाम आठवण करून दिलेलं वाक्य मला सहज सोडून देता येत नाही.

10. मेला असेल तर मारलं कोणी?

पडद्यावर याचं उत्तर नाही. तीन नावं सतत येतात. न्यूयॉर्क टोळीचा बुची: आपल्याच बॉसला, फिल लिओटार्डोला, उडवायला त्याने मूक संमती दिली, पण त्याचा शब्द किती टिकाऊ? दुसरं टोनीच्याच टोळीतला पॅट्सी पॅरिसी: त्याच्या जुळ्या भावाला टोनीने मारवलं होतं, तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला पॅट्सी दारूच्या नशेत टोनीवर बंदूक रोखतो आणि शेवटी त्याच्या पोहण्याच्या तलावात लघवी करून जातो. आता त्याचाच मुलगा मेडोचा होणारा नवरा आहे. तिसरं, सहाव्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये गळफास घेणाऱ्या, टोनीच्याच टोळीतल्या युजीनचं कोणी आप्त.

पॅट्सीची थिअरी मला कथा म्हणून सगळ्यात आवडते. पण पुरावा म्हणाल तर तिघांचंही पारडं सारखंच हलकं आहे. इतकी वर्षं माणसं दुखावत आलेल्याला कोणीही मारू शकतं, आणि अमुक एकाचं नाव कळलं असतं तर प्रसंगाची धार गेली असती.

11. जॅकेटवाला म्हणजे फिलचा पुतण्या निकी लिओटार्डो, असं मला फॉरवर्ड आलं होतं.

ती अफवा आहे, 2007 पासून फिरतेय. श्रेयनामावलीत त्याला फक्त 'मेंबर्स ओन्ली जॅकेटमधला माणूस' असं म्हटलंय. होल्स्टन्समधली बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे जुन्या एपिसोडमधले टोनीचे शत्रू, हेही त्याच फॉरवर्डचं शेपूट.

जॅकेट मात्र योगायोगाने आलेलं नाही. सहाव्या सीझनच्या पहिल्या एपिसोडचं नावच 'मेंबर्स ओन्ली'. त्यात युजीन असंच जॅकेट घालून एका माणसाला रेस्टॉरंटमध्ये गोळ्या घालतो, आणि त्याच एपिसोडच्या शेवटी टोनीचा काका ज्युनियर टोनीच्या पोटात गोळी घालतो.

12. चेसने स्वतःच कबूल केलंय ना? मग वाद कसला?

त्याची विधानं एका रांगेत ठेवली की वाद का उरतो ते कळतं. प्रक्षेपणानंतर लगेच त्याने न्यू जर्सीतल्या एका दैनिकाला सांगितलं की स्पष्टीकरण द्यायची इच्छा नाही, सगळं पडद्यावर आहे. 2014 मध्ये एका लेखात "नाही, मेला नाही" असं त्याच्या तोंडी छापून आलं. त्याच्या प्रवक्त्याने लगोलग सांगितलं की त्याच्या बोलण्याचा विपर्यास झालाय. 2019 च्या मुलाखतींच्या पुस्तकात बोलता बोलता तो त्या प्रसंगाला 'मृत्यूचा प्रसंग' म्हणून गेला, मुलाखतकारांनी लक्षात आणून दिल्यावर शिवी हासडली. 2021 मध्ये 'हॉलीवूड रिपोर्टर'ला त्याने सांगितलं की मूळ कल्पनेत टोनी न्यूयॉर्कमधल्या बैठकीला जातो आणि तिथे मारला जातो. नंतर रस्त्यात एक लहानसं खानावळवजा दुकान दिसलं आणि टोनी अशा ठिकाणी संपावा असं वाटलं.

2021 चं विधान माझ्या बाजूचं आहे, तरी मी त्यावर विसंबत नाही. लेखकाच्या मनात काय होतं ते चौदा वर्षांनी कळलं. प्रसंग मात्र 2007 मध्येच पूर्ण होता आणि प्रश्न 9 मधली बांधणी कोणत्याही मुलाखतीशिवाय वाचता येते.

13. 'टोनी जिवंत आहे' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?

हा की आपण चार-साडेचार मिनिटं टोनीच्या कातडीत राहतो. येणारा प्रत्येक माणूस मारेकरी वाटतो, साधी घंटा वाजली तरी छातीत धस्स होतं. टोनीचं उरलेलं आयुष्य असंच जाणार, आज नाही तर उद्या, गोळी नाही तर खटला. वकिलाने आरोपपत्राची मोठी शक्यता सांगितलेली आहेच आणि कार्लो फुटलाय. या वाचनात शिक्षा म्हणजे ती भीतीच.

हे वाचन मी हलकं मानत नाही. चेसनेही 2015 मध्ये दिग्दर्शकांच्या नियतकालिकात शॉटवार सांगताना भर मृत्यूवर न देता आयुष्य किती क्षणभंगुर आहे यावर दिला. एजे टेबलावर आठवण काढतो, "चांगले क्षण लक्षात ठेवा असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" टोनीने ते पहिल्या सीझनच्या शेवटी, वादळी रात्री मित्र आर्टीच्या रेस्टॉरंटमध्ये म्हटलं होतं. आता त्याला ते आठवतसुद्धा नाही. मेला किंवा जगला, हे नुकसान दोन्हीकडे सारखंच आहे.

14. ज्युनियरच्या गोळीनेच टोनी मेला आणि पुढचं सगळं त्याचं स्वप्न, हे कितपत खरं?

थिअरी देखणी आहे, पण टिकत नाही. कोमात टोनी कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसामध्ये केविन फिनर्टी या दुसऱ्याच माणसाची ब्रीफकेस घेऊन भटकतो. शेवटी एका उजळलेल्या घराच्या दारात मेलेला टोनी ब्लंडेटो त्याला आत बोलावतो, ब्रीफकेस ठेवून ये म्हणतो, पण मेडोची हाक ऐकू येते आणि तो मागे फिरतो. दार मरणाचं असेल तर तो आत गेलाच नाही, हेच तिथे दाखवलंय.

शिवाय पुढच्या एपिसोडमध्ये टोनी जिथे हजरही नाही असे कितीतरी प्रसंग आहेत. कार्मेला पॅरिसला जाते, मेल्फी आपल्या डॉक्टरमित्रांशी वाद घालते. हे सगळं टोनीच्या स्वप्नात बसवायचं तर फार ओढाताण होते.

15. ख्रिस्तोफरची होणारी बायको एड्रियाना हिचा मृत्यू दाखवलेला नाही. मग ती सुटली असेल का?

नाही. पाचव्या सीझनच्या 'लाँग टर्म पार्किंग'मध्ये ती एकटी गाडी चालवत निघून गेलेली क्षणभर दिसते, ते तिचं मनातलं चित्र. लगेच कळतं की गाडी सिल्व्हिओ चालवतोय. नंतर ती पाचोळ्यातून रांगत चौकटीबाहेर जाते, गोळ्या ऐकू येतात, कॅमेरा झाडांच्या शेंड्यांकडे जातो.

हा प्रश्न अवघड आहे तो वेगळ्या कारणाने. इथे आवाज आहे, दृश्य नाही, तरी आपण मृत्यू मान्य करतो. होल्स्टन्समध्ये दोन्ही नाही. फरक कोणाच्या डोळ्यांनी पाहतोय त्याचा आहे: जंगलात आपण साक्षीदार आहोत, होल्स्टन्समध्ये आपण टोनी आहोत.

16. अंडी दिसली की कोणीतरी मरतं, संत्र्यांचंही तसंच, आणि शेवटच्या एपिसोडमधलं मांजर?

अंडी आणि संत्री मोजणं मला फारसं पटत नाही. 86 एपिसोड जेवणाने भरलेत आणि माणसंही भरपूर मरतात, त्यामुळे जुळणी सापडणारच. मांजराचं तसं नाही. ते ख्रिस्तोफरच्या फोटोकडे टक लावून बसतं आणि पॉली अस्वस्थ होतो. टोनीने आपल्याच हाताने ख्रिस्तोफरला संपवलंय हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक आहे, त्यामुळे ती नजर आपल्याला बोचते.

17. 2021 च्या चित्रपटाने शेवट उलगडला का?

नाही. 'द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क' टोनीच्या लहानपणाचा आहे. गँडोल्फिनीचा मुलगा मायकेल तरुण टोनी झालाय. त्यात मेलेला ख्रिस्तोफर बोलतो आणि टोनीने आपल्याला मारल्याचं सांगतो. होल्स्टन्सबद्दल अवाक्षर नाही.

18. घंटा-चेहरा-दृश्य हा नियम त्या प्रसंगातच मोडतो. टोनी आत येताच स्वतःलाच टेबलावर बसलेला बघतो. मग प्रश्न 9 चं काय?

आलेल्या आक्षेपांत हा सगळ्यात तिखट. टोनी दारात उभा राहून नजर फिरवतो आणि पुढच्या शॉटमध्ये तो आधीच बसलेला दिसतो, मधली चाल कापलेली. शिवाय मेडोचं पार्किंग आपण बाहेरून पाहतो, ते टोनीला दिसणं शक्यच नाही. म्हणजे सगळा प्रसंग टोनीच्या डोळ्यांतून आहे असं सरसकट म्हणणं चूक, आणि तसं म्हणणाऱ्यांनी ते सुधारायला हवं.

पण माझा दावा तेवढा मोठा नाहीच. तो फक्त घंटेनंतरच्या शॉटपुरता आहे, आणि तिथे क्रम पक्का आहे. पार्किंगचे शॉट घंटेशी जोडलेले नाहीत. टोनीने स्वतःला पाहण्याचा कट मात्र मी उलट्या बाजूने मोजते: प्रसंगाच्या पहिल्याच मिनिटाला दिग्दर्शक बजावतोय की इथे पाहणारा आणि दिसणारा यांच्यावर लक्ष ठेवा. ज्यांना हे ओढूनताणून वाटतं त्यांनी प्रश्न 13 कडे परत जावं. तो पक्ष माझ्यापेक्षा एकाच ठिकाणी कमी पडतो: शेवटचा शॉट मेडोचा का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.